याकोबाची शेवटची सतरा वर्षं आणि आपला आजचा दिवस

सांजवाट

सर्वांना प्रभूच्या नावात सलाम. बरेच दिवस इथे नुसताच वाचत होतो, आज पहिल्यांदा धागा काढतोय, लांबला तर सांभाळून घ्या.

मला ६३ पूर्ण झाली, रिटायर होऊन तीन वर्षं झाली. बाबा ९० चे आहेत, आमच्याकडेच असतात. म्हणजे घरात दोन म्हातारपणं आहेत, एक पूर्ण पिकलेलं आणि एक नुकतं दारात येऊन उभं राहिलेलं. सकाळी बाबांना शर्ट घालून देणं हे माझं काम. खालची बटणं मी लावतो पण सगळ्यात वरचं ते स्वतः लावतात. बोटं थरथरतात, बटण काजाच्या तोंडाशी येतं आणि निसटतं, परत येतं, परत निसटतं, मान वर केलेली, डोळे मिटलेले, सगळं अंदाजाने चाललेलं असतं. कधी कधी चार-पाच मिनिटं लागतात. आधी मी मध्येच हात घालायचो, द्या इकडे, उशीर होतोय म्हणायचो. उशीर कशाला होत होता ते मला आजही सांगता येणार नाही, नोकरीतली घाई अंगात मुरलेली होती एवढंच.

तर असंच एके दिवशी बटण लागलं, त्यांनी हात खाली घेतले आणि म्हणाले, "मी अजून कशाला उरलोय रे?" रडवेला सूर नव्हता, चिडून पण नाही, खरंच विचारत होते. मला यशया ४६:४ पाठ आहे, तुमचे केस पिकेपर्यंत मीच तुम्हाला वाहून नेईन असं देव म्हणतो ते. पण ते वचन मला बाबांनीच लहानपणी पाठ करून घेतलंय, आता मी ते त्यांना ऐकवायचं म्हणजे काय, तोंड उघडलं आणि मिटलं.

त्या आठवड्यात माझं बायबलच्या पहिल्या पुस्तकाचं, उत्पत्तीचं वाचन चालू होतं आणि ४७ वा अध्याय आला. याकोब फारोसमोर, म्हणजे मिसरच्या (इजिप्तच्या) राजासमोर उभा आहे, फारो विचारतो, वय किती तुमचं. याकोब म्हणतो १३० वर्षं झाली, दिवस थोडे होते आणि तेही दुःखाचे गेले, माझ्या वाडवडिलांच्या वयाला काही मी पोचलो नाही. (आजोबा अब्राहाम १७५ चा झाला होता, बाप इसहाक १८० चा.) आणि त्याचं म्हणणं खोटं नव्हतं हो. घरातून पळून जावं लागलं, सासऱ्याने, लाबानाने दहा वेळा मजुरी बदलली, बायको राहेल वाटेतच गेली, आणि मुलगा योसेफ मेला असं धरून तो २२ वर्षं जगला. हे २२ कुठे सरळ लिहिलेलं नाहीये, पण योसेफ १७ चा असताना भावांकडून विकला गेला, ३० चा असताना फारोपुढे उभा राहिला, त्यानंतर सुबत्तेची सात आणि दुष्काळाची दोन, बेरीज करा. बावीस वर्षं पोराच्या रक्ताळलेल्या झग्यासोबत जगलेला माणूस आयुष्याचा जमाखर्च एका वाक्यात सांगतोय, थोडे आणि दुःखाचे.

पण पुढे वचन २८ वाचा. याकोब त्यानंतर मिसरात १७ वर्षं जगला. आता ३७:२ मध्ये बघा, योसेफ हरवला तेव्हा किती वर्षांचा होता, तर १७. म्हणजे १७ वर्षं पोरगा जवळ होता, मग गेला, आणि ज्या दिवशी याकोब खालची रेघ ओढून टोटल मांडून मोकळा झाला त्या दिवसानंतर देवाने तितकीच, बरोब्बर तितकीच वर्षं पोराजवळ परत दिली. मी उत्पत्ती किती वेळा वाचलं असेल आणि हे दोन आकडे कधी शेजारी शेजारी ठेवून पाहिले नव्हते. पेन खाली ठेवलं आणि बसून राहिलो.

आणि मग ४८ वा अध्याय. तोच माणूस, आता अंथरुणावर, डोळ्यांनी दिसत नाही, योसेफाला म्हणतो की तुझं तोंड परत दिसेल असं मला वाटलं नव्हतं आणि देवाने तर मला तुझी लेकरंही दाखवली. आणि पुढे देवाबद्दल काय म्हणतो, तर जन्मापासून आजपर्यंत ज्याने मला मेंढरासारखं राखलं तो देव. सतरा वर्षांपूर्वी दुःखाचे म्हटलेले तेच दिवस, त्यातला एकही बदललेला नाही, राहेल परत आलेली नाही, पण आता त्याला त्या सगळ्यामागे मेंढपाळ चाललेला दिसतोय.

माझं म्हणणं एवढंच आहे की आपण टोटल फार लवकर मांडतो. म्हातारी माणसं मांडतात आणि मी ६३ व्या वर्षी पण मांडायला लागलोय, काय राहिलं, काय जमलं नाही, कोण पुढे गेलं. पण आजचा दिवस अजून त्या हिशोबात धरलेलाच नाही, तो आज सकाळी नवीन आलाय. उपकार मानायचे म्हणजे सगळं छान झालं असं म्हणायचं नाही, तर हिशोबाची वही देवाच्या हातात राहू द्यायची आणि आजचा दिवस त्याच्याकडून घ्यायचा. तुम्हाला काय वाटतं ते लिहा. घरात कोणी वयस्कर असतील, किंवा तुम्ही स्वतः असाल, तर अनुभव लिहा.

ओंजळ

धागा वाचला. खूप मनापासून लिहिलंय तुम्ही दादा आणि १७ आणि १७ ची गोष्ट मलाही माहीत नव्हती. पण मला थोडं वेगळं बोलायचंय, कोणाला लागलं तर माफ करा.

माझ्या आईला स्मृतिभ्रंश आहे, सहावं वर्ष चालू आहे. ती मला ओळखत नाही. रात्री उठून दाराची कडी काढायला जाते, अंगावर ओरडते, एकदा चावली. मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये लोक प्रेमाने भेटतात आणि म्हणतात, सर्व स्थितीत उपकारस्तुती कर. मी मान हलवते आणि घरी येऊन बाथरूमचा नळ सोडून रडते. याकोबाला शेवटी सगळं उमगलं, त्याची बुद्धी जागेवर होती, त्याने एकेका मुलाला नाव घेऊन आशीर्वाद दिला. माझ्या आईकडे ती सतरा वर्षं आहेत, पण ती त्यात कुठे आहे? आजचा दिवस घ्यायचा म्हणता, माझा आजचा दिवस कालच्यासारखाच असतो आणि उद्याचाही तसाच असणार आहे हे मला माहीत आहे. खरंच विचारतेय, वाद घालत नाहीये.

पहाटपाळी

ओंजळ ताई, आधी तुम्हाला एक घट्ट मिठी.

मी नर्स आहे, जिथे आता बरं होण्यासाठी नाही तर त्रास कमी व्हावा म्हणून औषधं दिली जातात अशा वॉर्डात बरीच वर्षं रात्रपाळी केलीय. तिथे शिकलेल्या दोन गोष्टी सांगते.

पहिली म्हणजे ते वचन (१ थेस्सलनीका ५:१८) नीट बघा, प्रेषित पौल सर्व स्थितीत म्हणतो, सर्व स्थितीबद्दल असं म्हणत नाही. आईच्या आजाराबद्दल आभार माना असं देवाने कुठेही सांगितलेलं नाही. ज्या येशूला मेलेल्या लाजराला उठवायचंय हे ठाऊक होतं तो सुद्धा कबरेकडे जाताना रडला, चला चला उपकार माना असं लाजराच्या बहिणीला, मार्थाला म्हणाला नाही. आणि स्तोत्रसंहितेत सगळ्यात जास्त स्तोत्रं कुठल्या प्रकारची आहेत तर विलापाची. ८८ वं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी एक आशेची ओळ पण नाही, आणि तरी ते शास्त्रात आहे, कोणी काढून टाकलं नाही. तेव्हा नळ सोडून रडता ती पण प्रार्थनाच आहे हो.

दुसरी म्हणजे शेवटच्या दिवसांत माणसं खरंच आभार मानतात, पण मोठमोठ्या गोष्टींचे नाही. उशी उलटी करून गार बाजू वर केली त्याचे. ओठाला ओला कापूस लावला त्याचे. एक आजोबा होते, बोलता येत नव्हतं, मी पडदा थोडा सरकवायचे म्हणजे उजाडताना प्रकाश भिंतीवर पडायचा, तो पडला की ते दोन बोटं उचलायचे चादरीवरून. रोज. बस तेवढंच. मला त्या दोन बोटांनी उपकारस्तुती शिकवली असं मी म्हणेन.

आणि एक व्यवहाराचं सांगते, आज्ञा समजा. म्हातारी माणसं सतत मी कशाला उरलोय म्हणत असतील, खाणं तुटलं असेल, झोप उडाली असेल, आवडत्या गोष्टीतही मन लागत नसेल, तर ती अश्रद्धा किंवा कृतघ्नपणा समजू नका, उतारवयात डिप्रेशन येतं आणि त्यावर उपचार असतात. डॉक्टरांना दाखवा. सांभाळणाऱ्याने पण. एलीया संदेष्टा झुडपाखाली मरण मागत होता तेव्हा देवाने त्याला उपदेश केला नाही, झोपू दिलं, उठवून खायला दिलं, परत झोपू दिलं. आठवड्यातले काही तास आईजवळ दुसरं कोणीतरी बसलं पाहिजे, आणि उपकार मान असं सांगणाऱ्यांपैकीच कोणीतरी बसलं पाहिजे, हे मी तुमच्या मंडळीला सांगते असं समजा.

जुनी_शाई

मी ७८. मोबाईलवर टाइप करायला वेळ लागतो, चुका असतील.

म्हातारपणावर उपदेश निघाला की हमखास कालेब येतो. ८५ व्या वर्षी म्हणतो माझी ताकद तेव्हासारखीच आहे, हा डोंगर मला दे (यहोशवा १४). मोशे येतो, ८० व्या वर्षी फारोसमोर गेला, त्याचा भाऊ अहरोन ८३ चा. चांगलं आहे, खरं आहे. पण ज्यांचे गुडघे गेले त्यांनी काय करायचं? मी ३० वर्षं रविवारची शाळा घेतली आणि कॉयरमध्ये गायले, आता दोन्ही कानांनी कमी येतं, सूर सापडत नाही. कालेब ऐकला की मला वाटायचं माझाच विश्वास कमी पडला.

मला माझा माणूस सापडला २ शमुवेल १९ मध्ये. बर्जिल्लय गिलादी. दावीद राजा बंड केलेल्या मुलापासून, अबशालोमापासून पळून महनाईमात आला होता तेव्हा याने अंथरुणं, भांडी, धान्य, मध, मेंढरं सगळं आणून दिलं. आता दावीद परत निघालाय, त्याला म्हणतो माझ्याबरोबर यरुशलेमेला चल, मी तुला सांभाळीन. आणि बर्जिल्लय म्हणतो, मी ८० वर्षांचा आहे, मी खातो पितो त्याची मला चव कळते का, गाणाऱ्यांचा आवाज मला ऐकू येतो का, मी कशाला राजावर भार होऊ. थोडं अंतर यार्देनेपलीकडे येतो आणि परत फिरतो, मला माझ्या गावी आईवडिलांच्या कबरेजवळ मरू दे. हा किम्हाम आहे, याला ने.

गाणाऱ्यांचा आवाज मला ऐकू येतो का! हे वाक्य शास्त्रात आहे, माझंच वाक्य आहे. आणि त्यात कडूपणा नाही बघा. माझ्यावर अन्याय झाला असं नाही, मला अजून सगळं जमतं असंही नाही. काय गेलं ते सरळ सांगितलं, जेवढं जमतं तेवढं अंतर राजाबरोबर चालला आणि आपली जागा तरुणाला दिली. दावीदाने त्याचं चुंबन घेऊन आशीर्वाद दिला. मरताना आपल्या मुलाला, शलमोनाला सांगून गेला की बर्जिल्लयाच्या मुलांना तुझ्या मेजावर जागा दे. दुसऱ्याला पुढे करणं हेही आजच्या दिवसाचं काम आहे. मी कॉयर सोडला त्या दिवशी माझी जुनी वही, ज्यात सगळे आल्टोचे (बायकांच्या खालच्या पट्टीचे) सूर पेन्सिलीने लिहिलेत, ती एका १५ वर्षांच्या मुलीला दिली. आता ती गाते तेव्हा मी समोरच्या बाकावर बसते, तिचे ओठ बघते, मला कळतं कुठलं कडवं चालू आहे.

उपदेशक १२ पण वाचा, म्हातारपणाचं इतकं खरं वर्णन दुसरीकडे मिळणार नाही. दळणाऱ्या थोड्या राहिल्या म्हणजे दात, खिडकीतून पाहणाऱ्या अंधुक झाल्या म्हणजे डोळे, पाखराच्या आवाजाने जाग येते, बदामाला फुलं आली म्हणजे केस पांढरे झाले. सगळं गळून चाललंय आणि त्यातच त्याला फुलं दिसली.

मोहरीचा_दाणा

जुनी शाई आजी, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. बर्जिल्लयाचं नाव पण मला माहीत नव्हतं.

मी ३४ चा आहे, म्हणजे या धाग्यावर वयाने बसत नाही, पण एक अडचण आहे. आजचा दिवस पुरेपूर वापरा हे मी इतकं ऐकलंय की आता तेच ओझं झालंय. सकाळी उठल्यापासून यादी, ॲप, टार्गेट, बायबल वाचनाचा पण स्ट्रीक, म्हणजे एकही दिवस न चुकवता चाललेला क्रम, तो तुटला की दिवसभर अपराधी वाटतं. इफिस ५:१६ मध्ये वेळेचा सदुपयोग करा आहेच ना. लूक १२ मधला तो श्रीमंत माणूस कोठारं मोठी बांधीन म्हणतो आणि त्याच रात्री त्याचा जीव मागितला जातो, ते वाचून मला अजूनच घाई होते की वेळ कमी आहे, जास्त काहीतरी करून घेतलं पाहिजे. सांजवाट काका, तुम्ही चार मिनिटं बटणासाठी थांबता ते माझ्या यादीत कुठल्या रकान्यात बसतं तेच मला कळत नाही. आणि उपकार तर मी रात्री झोपताना एका दमात मानून टाकतो.

सांजवाट

ओंजळ ताई, तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. पहाटपाळी ताईंनी लिहिलं त्याच्यापुढे मी काही जोडत नाही. तुमच्या आईचं नाव आमच्या घरच्या सकाळच्या प्रार्थनेत घेतलंय, नाव माहीत नाही म्हणून "ओंजळची आई" म्हणतो, बाबा पण तसंच म्हणतात.

मोहरीच्या दाण्या, तुझं ओझं मी ओळखतो, मी ते ३५ वर्षं वाहिलंय. मला यावर मान्नाची, रानात इस्राएल लोकांना देवाने दिलेल्या अन्नाची गोष्ट कामाला आली. निर्गम १६. दरमाणशी एक ओमर (त्या काळचं माप), रोज सकाळी गोळा करायचा. कोणी जास्त गोळा केला, कोणी कमी, पण मापून बघितला तेव्हा ज्याने जास्त आणला त्याचा उरला नाही आणि ज्याने कमी आणला त्याला कमी पडला नाही. काहींनी सकाळपर्यंत ठेवला तर किडे पडले, वास सुटला. फक्त शब्बाथाच्या आदल्या दिवशी दुप्पट आणि तेव्हाच तो टिकला, म्हणजे विश्रांतीच्या दिवसासाठी ठेवलेला तेवढा नासला नाही. चाळीस वर्षं हे असं चाललं. आता बघ, ज्यांनी जास्त गोळा केला ते आळशी नव्हते, तुझ्यासारखे मेहनती होते, भीती होती त्यांना की उद्या मिळालं नाही तर. दिवस साठवता येत नाही रे, तो तेवढाच येतो, आणि तेवढा पुरतो.

प्रभूच्या प्रार्थनेत रोजची भाकर म्हणतो ना, त्या "रोजची" साठी मूळ ग्रीकमध्ये एपिऊसिओस असा शब्द आहे आणि नव्या करारात तो फक्त त्या प्रार्थनेतच येतो, मत्तय ६ आणि लूक ११, बाकी कुठेच नाही. त्याचा नेमका अर्थ काय यावर विद्वान शेकडो वर्षं बोलतायत, आजच्यापुरती की येत्या दिवसाची की जगायला लागते तेवढी. मला हे फार आवडतं की आज किती पुरे या प्रश्नाला शब्दकोशातही पक्कं उत्तर नाही, ते दर सकाळी मागूनच कळतं.

श्रीमंत माणसाच्या गोष्टीत पण तो कमी काम करत होता म्हणून मूर्ख ठरला नाही, उलट भरपूर केलं होतं त्याने. त्याचं बोलणं ऐक, माझी कोठारं, माझं धान्य, माझ्या जिवा. पूर्ण गोष्टीत तो एकाही माणसाशी बोलत नाही आणि देवालाही थँक्यू म्हणत नाही. वेळ कमी आहे हे ऐकून घाई करू नकोस, कोणाशी तरी बोल. आणि रात्री एका दमात उपकार मानण्यापेक्षा ज्या क्षणी मिळालं त्याच क्षणी एक शब्द बोलून बघ. दहा कुष्ठरोगी बरे झाले त्यातला एकच परत आला, शोमरोनी, म्हणजे यहूदी ज्यांना परके मानायचे त्यातला. बाकीचे नऊ वाईट नव्हते, याजकाला दाखवायला चालले होते, सांगितलेलं कामच करत होते, यादी पूर्ण करत होते असं म्हण. हा वाटेतच वळला.

एकटा_दिवा

वाचतोय सगळं. मी क्वचित लिहितो.

४१ वर्षांचा संसार, बायको जाऊन दोन वर्षं झाली. तिचा चष्मा टेबलाच्या पहिल्या खणात आहे. दर रविवारी उपासनेला जायच्या आधी तो काढतो, मऊ फडक्याने दोन्ही काचा पुसतो, डावी दांडी थोडी सैल आहे ती सांभाळून मिटतो आणि परत ठेवतो. मुलगी म्हणाली, पप्पा तो कोणाला तरी देऊन टाका, उपयोगी पडेल. देईन. अजून नाही.

हन्ना संदेष्ट्रीचं लूक २ मध्ये लिहिलंय ते कोणी नीट बघत नाही. लूक तिचा हिशोब देतो, लग्नानंतर सात वर्षं नवऱ्याबरोबर, मग विधवा, ८४ वर्षांपर्यंत. सात वर्षांचं सुख आणि एवढा मोठा एकटेपणा. लूकने ती सात वर्षं का लिहिली असतील? संदेष्ट्री आहे, आशेर वंशातली आहे, एवढं पुरलं असतं. मला वाटतं ती सांगत असावी लोकांना, म्हणून ती त्याच्यापर्यंत पोचली. इतक्या वर्षांनी पण ती सात वर्षं मोजत होती. आणि बाळ येशू मंदिरात आला त्या घटकेला ती तिथेच जवळ येऊन उभी राहिली आणि देवाचे आभार मानायला लागली. आठवण काढणं आणि आज हजर राहणं यात भांडण नाही, तिने दोन्ही केलं.

मला पुनरुत्थानाची आशा आहे, पक्की आहे. तरी खण उघडला की छातीत दुखतं. जे दुखतं ते किती मोठं देणं होतं त्याचंच माप आहे असं समजून मी त्या दुखण्याचेही, म्हणजे दुखण्यातही, आभार मानतो. पहाटपाळी ताईंनी शिकवलेला शब्द बरोबर वापरतोय ना?

वाटसरू_७

सर्वांचं वाचून बरं वाटलं. एक शंका. हे सगळं मान्य करून गप्प बसणं तर नाही ना होत? म्हणजे देवाची मर्जी, आजचा दिवस मिळाला, उपकार, असं म्हणत कानाचं मशीन घ्यायचं नाही, मृत्यूपत्र करायचं नाही, मुलांशी बोलायचं नाही. आमच्या नात्यात एक जण असेच गेले, भक्तिमान होते, पण कागद एकही जागेवर नव्हता, भाऊ-भाऊ अजून बोलत नाहीत.

मला २ तीमथ्य ४ आवडतो तो याचसाठी. पौलाला कळलंय की शेवट आलाय, सुयुद्ध केलं, धाव संपवली असं लिहितो आणि चार ओळींनंतर काय मागतो, तर त्रोवस गावात राहिलेला झगा घेऊन ये, पुस्तकं आण, विशेषतः चर्मपत्रं, आणि हिवाळ्यापूर्वी ये. मरणाला तयार असलेला माणूस, त्याला थंडी वाजणार आहे आणि वाचायचं आहे. मार्काला पण बरोबर घेऊन ये म्हणतो, तोच मार्क ज्याच्यावरून पूर्वी सोबती बर्णबाशी वाद होऊन वाटा वेगळ्या झाल्या होत्या. तेही मिटवून टाकलं. गरम कपडा, वाचायला काही, आणि जुना वाद मिटलेला, म्हातारपणी आजचा दिवस म्हणजे मला तरी हे तीन दिसतात. आपल्या पंडिता रमाबाई पण मूळ हिब्रू-ग्रीकवरून मराठी बायबलचं काम शेवटपर्यंत करत होत्या, १९२१ मध्ये लेक मनोरमा गेली, एकुलती एक, आणि १९२२ मध्ये त्या स्वतः गेल्या, मधले महिनेसुद्धा ते काम होतंच. एवढं दुःख पदरात घेऊन त्या रोज टेबलाशी बसत असतील याचा मी खूप वेळा विचार करतो.

ओंजळ

परत आले. आधी थँक्यू, मंडळीतल्या दोन बहिणी आता मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी येऊन बसतात, मीच फोन करून मागितलं, पहाटपाळी ताईंचं वाक्य वाचून दाखवलं त्यांना. पहिल्या दिवशी मी तीन तास नुसती झोपले.

आता जे सांगायचंय ते. आई मला गेली दोन वर्षं ताई म्हणते. तिची मोठी बहीण, जी कधीच वारली. मी दर वेळी दुरुस्त करायचे, आई मी तुझी मुलगी, मी तुझी मुलगी, आणि ती घाबरायची. परवा रात्री तिचे पाय चेपत होते तर माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "ताई तू फार दमतेस गं माझ्यासाठी, देव तुझं भलं करो." मी नेहमीसारखं बोलायला गेले आणि थांबले. म्हटलं, हो गं, नाही दमले. तिचा हात बराच वेळ डोक्यावर होता, जड, गरम.

मग झोप येईना म्हणून उत्पत्ती काढलं, हा धागा डोक्यात होता ना. इसहाकाला दिसत नव्हतं, त्याने धाकट्या याकोबाला थोरला एसाव समजून आशीर्वाद दिला, नाव चुकलं होतं पण आशीर्वाद खरा होता, तो परत घेता आला नाही. याकोबाने तो फसवून घेतला होता, मी काही फसवलेलं नाहीये. आणि तोच याकोब म्हातारा झाल्यावर योसेफाच्या मुलांवर हात आडवे-तिडवे ठेवतो, उजवा धाकट्यावर, तेव्हा योसेफ त्याचा हात धरून बाजूला करायला जातो की बाबा असं नाही, थोरला हा आहे. आणि याकोब म्हणतो, ठाऊक आहे माझ्या मुला, मला ठाऊक आहे. मी दोन वर्षं आईचा हात बाजूला करत होते असं वाटलं. तिला ठाऊक होतं असं मी म्हणत नाही, तिला नसेलच ठाऊक. पण देवाला होतं, हात कोणाच्या डोक्यावर आहे ते.

दुसऱ्या दिवशी परत ओरडली, परत कडी काढायला गेली. ते तसंच आहे. पण तो एक दिवस मिळाला मला.

जुनी_शाई

ओंजळ बाळा, वाचून डोळे भरून आले. आणखी काही लिहवत नाही. आजची प्रार्थना तुझ्यासाठी.

मोहरीचा_दाणा

स्ट्रीक बंद केला काल. आज बाबांना फोन केला, कामाशिवाय. ते आधी घाबरले की काय झालं. मग ४० मिनिटं बोलत होते, मी फक्त हं हं करत होतो. त्यांना एवढं बोलायचं होतं हे मला माहीत नव्हतं.

सांजवाट

ओंजळ ताई, तुमचा प्रतिसाद मी बाबांना मोठ्याने वाचून दाखवला, दोनदा, कारण पहिल्यांदा मधला भाग त्यांना ऐकू आला नाही. मग अख्खा धागाच वाचला, तीन सकाळी लागल्या. बर्जिल्लय आला तेव्हा त्यांनी हातानेच थांबवलं आणि परत वाच म्हणाले. चष्म्याचं वाचलं तेव्हा काही बोलले नाहीत पण खिडकीकडे बघत राहिले, आईचा चष्मा आम्ही तेव्हाच कुणाला तरी दिला होता.

आज सकाळी शर्ट घालत असताना एकदम म्हणाले, "पण त्या सतरा वर्षांत याकोब करत काय होता?" मी म्हटलं बाबा, ते काही लिहिलेलं नाही, तो मिसरात राहिला आणि मग एकदम शेवटच्या आजारपणाचं येतं. ते थोडा वेळ गप्प होते, मग म्हणाले, "बसत असेल पोराजवळ." आणि मान वर केली, डोळे मिटले, आणि वरचं बटण शोधायला लागले.